लालसर सोनेरी

"हा बी नाई," म्हणत अमिनानं तिसरा डबा काउंटरवर परत ठेवला. "याच्यात राखेची झाक आहे. मले ऊबदार पाह्यजे. लालसर सोनेरी."

वामनरावांनी कपाळाला हात लावला. ही बाई वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानातून एकच वस्तू नेत आली होती, केसांच्या काळ्या रंगाचा डबा. गेल्या वर्षभरात तर ती फिरकलीच नव्हती. आणि आज आली ती अख्खं कपाट खाली उतरवूनच बसली.

"भाभी, हे फिरंगी बायांचे रंग. आपल्या चंद्रपुरात कोण लावते? कोणासाठी पाह्यजे तुम्हाले?"

"उद्या महेक येऊन राह्यली ना," अमिना म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला.

महेक कोणाला माहीत नव्हती? अमिना आणि नूर मोहम्मद शिंप्याची ती गोरीपान, जाड चष्म्याची पोरगी. पुस्तक नाकाला लावून वाचायची, म्हणून सगळे हसायचे. ती परीक्षा देऊन न्यायाधीश झाली होती. मोहल्ल्यातली पहिली. वर्षभर बाहेर ट्रेनिंग करून उद्या ती घरी येणार होती आणि मोहल्ला कमिटीनं हॉलमध्ये सत्कार ठेवला होता.

"जज बाईचे असे केस पाहून वकील काय म्हणतीन?"

"साहेब म्हणतीन. दुसरं काय म्हणतीन?"

बोलता बोलता अमिनानं ओढणीची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. आत केसांची एक बारीक बट होती. वामनराव ती घेऊन दारापाशी उजेडात गेले. नमुन्यांचा पुठ्ठा शेजारी धरून त्यांनी एकेक रंग ताडून पाहिला.

"पार्लरवाल्यांनी दिलेला नकली नमुना असन हा."

"असली आहे," अमिना ताठ होत म्हणाली.

शेवटी जुळणारा डबा सापडला. स्ट्रॉबेरी ब्लॉन्ड, असं त्यावर लिहिलं होतं. "पण ऐकून घ्या, भाभी. काळ्या केसांवर हा रंग धरत नाई. आधी ब्लीच करा लागते."

"ब्लीच नको. डबे मात्र दोन द्या."

वामनरावांनी दोन डबे बांधून दिले.

घरी नणंद कहकशाँ वाटच बघत होती. पिशवीतले डबे पाहून तिचा पारा चढला.

"भाभी, तू बी पोरीच्या नादी लागली का? आजपर्यंत महेक काळ्या केसांत कशी चांगली दिसत होती! ऐन स्टेजवर हे खूळ काऊन?"

खूळ महेकचंच होतं. तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "अम्मी, काळे केस आता बस झाले. मी स्टेजवर लालसर सोनेरी केसांनीच चढणार." तो आवाज ऐकून अमिना आधी घाबरली होती आणि मग तिला पोरीचा असा अभिमान वाटला की तिनं फोन ठेवून दोन्ही डोळे पुसले होते.

"लोक हसतीन," कहकशाँ म्हणाली. "सत्कार राहीन बाजूले आणि तमाशा होईन. उद्या तिले मागणी घालाले कोण येईन?"

भीती अमिनालाही हीच होती. लहानपणापासून हसू झेललेली पोर आता कुठं मान वर करत होती. ती मान उद्या सगळ्यांसमोर खाली गेली तर?

"हसणारे हसू दे," नूर मोहम्मद मशीनवरून उठत म्हणाले.

"तू तर बोलूच नको, भाईजान. इतका मोठा दिवस आणि तुझी दाढी पांढरीफटक. मेंदी तरी लाव."

"लावतो ना," ते शांतपणे म्हणाले.

मेंदीवर त्यांचा फार भरवसा. हा रंगही मेंदीनंच साधेल म्हणून त्यांनी कालच अंगणातल्या पांढऱ्या बकरीच्या शेपटीवर प्रयोग केला होता आणि शेपटी गाजरासारखी झाली होती. आता अमिनानं तिच्या पाठीवरचे थोडे केस डब्यातल्या रंगानं माखले, वाट पाहिली, धुतले आणि बट शेजारी धरली.

"जमलं!" नवराबायको एकदमच म्हणाले.

"बकरी बी फॅशन करून राह्यली या घरात," म्हणत कहकशाँ तणतणत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महेक स्टेशनवरून थेट हॉलमध्येच आली. मंचावर तिनं डोक्यावरची ओढणी खाली घेतली. आखूड, लालसर सोनेरी केस दिव्याखाली चमकले. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. "जज झाली का हिरोईन?" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. महेकची मान किंचित झुकली.

तेवढ्यात आईवडिलांना मंचावर बोलावलं. नूर मोहम्मद तोंडावरचा रुमाल सोडत पायऱ्या चढले. आजवर स्वतःच्या केसांना कधीच रंग न लावलेल्या अमिनानं ओढणी कपाळावरून मागं सारली आणि मागच्या रांगांतले लोक माना उंचावून पाहू लागले. बापाची पांढरी दाढी, आईचे पांढरे केस, दोन्ही आज लालसर सोनेरी होते. महेकनं चष्मा काढून डोळे पुसले आणि मान वर केली. त्या मंचावर तिघंही एकाच रंगाची दिसत होती, आणि त्यांत रंग न लावलेली, इतकी वर्षं काळ्या रंगाखाली झाकलेले, जन्मतः होते तेच केस घेऊन आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिलेली, एकटी महेक होती.