टीव्ही तपासणारा

"तुझ्या त्या दर्याचा काय निरोप?" जेवता जेवता अझीमनं विचारलं.

तूबानं घास हातात ठेवून लॅपटॉपकडे पाहिलं. निकाहाच्या दिवशी नवऱ्याकडेही तिनं इतक्या लगबगीनं पाहिलं नव्हतं.

"रंग फस्क्लास आलेत म्हणतो," ती हसली.

अझीमचा जळफळाट झाला.

मिरकरवाड्यात त्याचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तूबा घरी बसून ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कॉम्प्युटर आणि पडदा यांच्यातला दुभाष्या. जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांसाठी तिला त्यात डबा टीव्हीच्या रंगांची सोय करायची होती. आपल्याकडची पद्धत पाल, अमेरिकेतली एनटीएससी. चुकीची पद्धत गेली की रंग उडतात, चित्र काळंपांढरं होतं. ठिकठिकाणचे हौशी लोक तिचं काम आपापल्या टीव्हीवर तपासून कळवायचे. दर्या त्यातलाच एक. खरं नाव, गाव काही ठाऊक नाही.

अझीमनंही एकदा विचारलं होतं, दिवसभर काय करतेस म्हणून. "तुला नाय कळायचं," ती म्हणाली होती, मान वर न करता. ते त्याला फार लागलं होतं. दर्याला मात्र ती तेच सगळं लांबलचक लिहून, चित्रं काढून समजवायची. अझीमला त्या माणसाचा मनापासून हेवा वाटायचा.

"एवढं कसलं कौतुक त्याचं?"

"मेहनती हाय. आधी काय येत नव्हतं, वेड्यासारखं विचारायचा. आता चेहरा जरा हिरवट दिसला तरी कळवतो. असा माणूस मिळत नाय."

"मिळत नाय," अझीमनं तिला वेडावलं. "मग त्यालाच वाढ जेवायला."

तूबानं त्याच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.

"काल गंमत केली," ती म्हणाली. "मुद्दाम चूक ठेवून पाठवलं. पालच्या नावाखाली एनटीएससी. सगळ्यांचे रंग उडाले. ह्याचे शाबूत!"

"म्हणजे खोटारडा हाय. मी सांगत होतो."

"खोटारडा नाय. पडद्याचा फोटो पाठवलाय. त्याचा टीव्ही आखातातला असणार. तिकडच्या टीव्हीला सगळ्या पद्धती चालतात, आपलं आपण ओळखून घेतो."

अझीमला ठसका लागला. "काटा," तो म्हणाला.

"उद्या आभारात त्याचं नाव टाकणार हाय. सगळ्यांच्या वर."

अझीमचं नाव तिनं शादीच्या कार्डाशिवाय कुठे छापलं नव्हतं. आता हद्द झाली. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि दुपारच्या झोपेसाठी माडीवर गेला. ह्या दर्याला आजच कायमचा संपवायचा, त्यानं ठरवलं.

माडीवर त्यानं दार लावून घेतलं. जुन्या कॉम्प्युटरमधून अब्बांनी कुवेतहून आणलेल्या टीव्हीला गेलेली पिवळी वायर उपटली आणि मोबाईलवर, नेहमीसारखं इंग्रजीत, तूबाला लिहिलं: 'टीव्ही बिघडला. यापुढे मला तपासता येणार नाही. दर्या.'

उत्तर लगेच आलं. ह्या वेळी मराठीत.

'नाय बिघडला. दार उघड, मी बाहेर उभी हाय.'