मॉनिटरची वायर

"एवढं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं, तरी तुझं कासव हलेना," दादा आईसमोरच म्हणाला. "ॲनिमेशन तुझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मुकाट्याने बीएड कर."

वर्षभर मी कासवाच्या पिल्लाची फिल्म करत होते. त्याचा पाय उचलायला गेलं की स्क्रीन हँग; तरी एकेक पाऊल करत फिल्म कशीबशी शेवटाला आणली होती. कार्ड भारी, म्हणजे खोट माझ्यातच, हे मलाही पटलं होतं.

कॉम्प्युटर आवरून ठेवायला मागे हात घातला, तर मॉनिटरची वायर कार्डाला नव्हतीच! ती सरळ मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली, म्हणजे चित्रं कार्डातून येतच नव्हती. खोचणारा दादाच; कार्ड बसवताना त्याने मला जवळही फिरकू दिलं नव्हतं. महागडं कार्ड वर्षभर नुसता पंखा फिरवत बसलं होतं. प्रोसेसरच्या पोटातल्या, फुकट आलेल्या ग्राफिक्सने माझं पिल्लू समुद्रापर्यंत ओढत नेलं होतं.

हाक मारून दादाला दाखवलं. त्याचं तोंड उतरलं. "आण, नीट लावतो."

"हात लावू नकोस. आधी बस आणि बघ. आई, तूही ये."

पिल्लू अडखळत, थांबत लाटेत शिरलं. आई स्क्रीनवरून नजर न हलवता दादाला म्हणाली, "आता बीएड तू कर."