एक थाप, दोन थापा

पुंजारामने पुन्हा सेल मारला. जुनी जीप घरघरली, पण चालू होईना.

"तात्या, डिझेल येतंय, हवाबी काढली, बॅटरी चांगली हाय," बॉनेटमध्ये वाकलेला मेकॅनिक भारत म्हणाला. "मग ही चालू का होत नाय?"

पुंजारामच्या शेजारच्या सीटवर, मानाच्या जागी, नवसाबाईच्या अस्थींचं गाडगं ठेवलेलं होतं. रामकुंडावर गुरुजी वाट बघत होते.

बावीस वर्षं नवरा-बायको याच जीपमधून झेंडू मार्केटला नेत. नवसाबाई मागं फुलांपाशी पोत्यावर बसायची आणि एसटीच्या कंडक्टरची नक्कल करत पत्र्यावर थाप मारायची. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

त्याने परत चावी फिरवली. मागून पत्र्यावर एक थाप पडली.

"मागं काय वाजतंय, तात्या? सेल मारला की दरवेळी एकदाच वाजतंय."

पुंजारामला हुंदका आवरेना. "माझंच चुकलं रे. ती कधी पुढं बसलीच नाय."

चावी काढून घेऊन तो उतरला. गाडगं उचलून त्याने मागं पोत्यावर ठेवलं. पोत्याला अजून सुकलेल्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. मागचं दार लावलं, पण त्याचा पाय तिथून निघेना. आता एकच थाप पडावी, एवढंच त्याला वाटत होतं.

आतून दोन थापा पडल्या आणि इंजिन सुरू झालं.

चावी पुंजारामच्या मुठीत होती.