नर्सबाईंचा निरोप

धाकटीने बाळाला छातीशी धरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. “ताई, तू काहीही म्हण. मी सुई टोचू देणार नाही.”

ताईने पर्स खाली ठेवली. भरलेलं पार्लर मदतनीस बाईवर सोडून ती बहिणीच्या घरी आली होती आणि हात हलवत परत जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दोन भावंडांना गोवर झाला होता. त्यातलं धाकटं कालपासून ऑक्सिजनवर होतं, आणि आठवड्यापूर्वी ते याच खोलीत, याच बाळाच्या खुळखुळ्यांशी खेळून गेलं होतं. समोरच्या शाळेत लशीचं शिबिर होतं. आज शेवटचा दिवस, तोही संध्याकाळपर्यंत. आणि ही बाई नर्सबाईंचं ऐकून बसली होती.

नर्सबाई म्हणजे फोनमधला एक आवाज. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण एक आई म्हणून सांगते, असं म्हणून ती हुंदका आवरायची. मग सांगायची की ही लस टोचली की मुलांची वाचा जाते, आणि मोठमोठे लोक ते मुद्दाम दाबून ठेवतात. ओळखीच्या सगळ्या आयांनी तो आवाज धाकटीला पाठवला होता. ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला होता.

असल्या गोष्टींना ताई भीक घालत नसे. पार्लरमध्ये रोज कुणी ना कुणी फोन पुढे करायचं. कुणाच्या मते पाण्यात काही मिसळलेलं असे, कुणाच्या मते चौकातल्या टॉवरवरून माणसांची मनं वाचली जात. भुवया कोरता कोरता ताई त्या सगळ्याचा निकाल लावायची. तोंडाला लेप लावून आडव्या झालेल्या गिऱ्हाइकाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे अर्धेअधिक वाद तिने असेच जिंकले होते. पण खरं सांगायचं तर तोंड तिचं असलं, तरी विद्या नवऱ्याची होती.

नवरा एका परदेशी कंपनीत होता. खोटे मेसेज पकडायचं काम, असं त्याने लग्न ठरतानाच सांगितलं होतं. आत शिरताना फोन दाराशी जमा करावा लागे आणि तिथलं काही बाहेर बोलायची बंदी होती. ताईला याचा कोण अभिमान! लोक कशाला फसतात, ते मात्र तो जेवताना मोकळेपणी सांगायचा. बोलणारा बडा नको, आपल्यातला हवा. आवाज भरून यावा, पण रडू फुटता कामा नये. दुसऱ्या दिवशी ताई ते गिऱ्हाइकांना ऐकवायची, जणू स्वतःच शोधून काढलंय.

आज मात्र पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. ताईने समजावलं, रागावलं, शेवटी हात जोडले. धाकटी एवढंच म्हणाली, “तुला मूल नाही ताई. तुला नाही कळायचं.”

ते ताईला लागलं. फार लागलं. पण रुसायला वेळ नव्हता. तिने नवऱ्याच्या ऑफिसच्या नंबरावर फोन करून असाल तसे निघा असा निरोप दिला.

तो आला तेव्हा धाकटी जरा सैलावली. भाऊजी मोजकं बोलतात आणि जे बोलतात ते खरं असतं, हे तिचं लग्नापासूनचं मत होतं. त्याने हात धुतले, बाळाच्या गालाला बोट लावलं, हसून म्हणाला, आण बघू तो फोन.

नर्सबाईंचा आवाज सुरू झाला. दुसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, “पुरे.”

धाकटीने थांबवला नाही. पूर्ण ऐका म्हणाली.

“आता ती सख्ख्या बहिणीच्या मुलाचं सांगेल,” तो म्हणाला. “दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी ‘आई’ म्हणायचा थांबला.”

फोनमधल्या बाईने अगदी तेच सांगितलं.

“बघितलंस?” ताई खुलली. “याला म्हणतात अनुभव. यांना शितावरून भाताची परीक्षा होते.”

नवरा वर बघत नव्हता. दवाखान्याचं नाव नाही, गावाचं नाही, बाईचं स्वतःचं नाही, असं त्याने एकेक दाखवलं. घाबरलेली बाई नाव कशी सांगेल, असं धाकटीने विचारलं. त्याने डॉक्टरांचे दाखले दिले. तेच तर विकले गेलेत, ती म्हणाली. समजवायला घरातलंच माणूस पुढे करतील, हेही नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याने फोन पालथा करून बाजूला ठेवला.

जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरची आई दवाखान्यात न्यायचे कपडे घेऊन उतरत होती. दाराशी ती क्षणभर थांबली, बाळाकडे बघून खाली गेली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“भाऊजी, मी वेडी नाही हो,” ती म्हणाली. “मला गोवराची भीती वाटते आणि सुईचीही वाटते. तुम्ही म्हणाल तसं करते. फक्त एक सांगा. ती बाई खोटी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?”

ताईचा जीव भांड्यात पडला. आता कुठे गाडी रुळावर आली होती. तिने बाळाचं टोपडं उचललं, चपला पायात सरकवल्या आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “सांगून टाका हो. काय ती ऑफिसातली बंदी बिंदी राहू दे. कुठे पकडलीत हिला तुम्ही?”

नवऱ्याने बाळाचा पाय हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“शाळा बंद व्हायच्या आत निघा,” तो धाकटीला म्हणाला. “ती नर्स नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. परदेशातून मजकूर येतो, तो आपल्या घरातला वाटेल असा मी लिहून देतो, आणि ती वाचते.”