जाळीमागचा होकार

हवेलीच्या चौकात उभा राहून मी वरची दगडी जाळी बघत होतो, लेससारखी नाजूक कोरलेली.

"शेठजींच्या सुना हिच्यामागे बसायच्या," राखणदार म्हणाला. "पुरुषांसमोर बोलायचं नाही. बांगडी एकदा वाजवली की हो, दोनदा वाजवली की नाही."

माझी बायको मृणाल वर गेली होती. मी गमतीत ओरडलो, "काय सूनबाई, आवडली का हवेली?"

बांगडी दोनदा वाजली.

"कोणाशी बोलतोयस?" मृणालने मागून विचारलं. ती केव्हाच खाली आली होती. तिच्या हातात फक्त घड्याळ होतं.

राखणदाराने मान खाली घातली. मृणाल मात्र जाळीखाली गेली. "तुम्हाला बाहेर यायचंय का हो?"

बांगडी एकदा वाजली. थोडं थांबून पुन्हा एकदा. आम्ही फाटकाबाहेर आलो तरी तो होकार थांबला नव्हता.