एलियाम्माच्या घरचा अप्पम

पेसहाच्या, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या गुरुवारी दुपार कलली तरी सुनेनं उडीद भिजत घातले नव्हते. तांदळाचं पीठ डब्यात तसंच. नारळ फोडलेला नाही. आणि बाईसाहेब व्हरांड्यात उपासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या. एलियाम्माच्या सासूच्या काळात असं कुणी बसलं असतं, तर पुस्तकासकट विहिरीत गेलं असतं.

“जिन्सी, पुस्तक चावून पोट भरणार आहे का?”

“या वर्षी अप्पम नको, अम्मच्ची.” जिन्सीनं मानसुद्धा वर केली नाही.

ज्या घरात वर्षाच्या आत मरण झालं, त्या घरी पेसहाचा अप्पम करत नाहीत. शेजारी आणून देतात. मीनच्चिल नदीच्या दोन्ही काठांवर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. नुसत्या एका ‘नको’नं सुनेनं नवऱ्यावर माती लोटली होती.

एलियाम्माच्या पोराची, कुर्यनची बोट गेल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात बुडाली. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. कुर्यन लागला नाही. पाद्री त्याच्यासाठी मरणाची मिस्सा करू या म्हणायला आले, तेव्हा एलियाम्मानं त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. “आधी माझा पोरगा दाखवा, मग तुमची मिस्सा.”

ईस्टरआधीचा मोठा उपास लागला, तशी तिनं मासे सोडले, मटण सोडलं, दूध सोडलं. स्वतःला अक्षरं जेमतेम लागत, म्हणून रोज संध्याकाळी जिन्सी दिव्याशी बसून धडा वाची. धड्याखाली प्रश्न असे: आज तुम्ही काय सोडाल? “या पुस्तकाला मागण्यापलीकडे काम नाही,” एलियाम्मा म्हणे, “कॉफी सोडली म्हणून सांग त्याला.” मनात मात्र तिची देवाशी घासाघीस चाले. मासे घे. कॉफी घे. गुडघे टेकवून टेकवून सोलले, तेही घे. पोरगा दे.

तिनं स्वतःच गरम पाण्यात उडीद टाकले. नारळ फोडला, गूळ किसला. जिन्सी दारात येऊन उभी राहिली.

“ते परत येणार नाहीत, अम्मच्ची. किती वेळा सांगू?”

“तुला भारी घाई झाली ग! दुसरा बघून ठेवलायस का?”

“बघितला असता तर तुमचं बोलणं गिळत इथं बसले असते?”

“मग गिळ. आणि सरक, उजेड अडवतेस.”

असं भांडण लागलं की एलियाम्माच्या हातात जोर येई. तिनं पीठ कालवलं, थाळीत ओतलं, झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेल्या पात्यांचा क्रूस वर ठेवला आणि थाळी वाफेला लावली.

अंधारून येता येता फाटक वाजलं. शेजारची थ्रेस्या. हातात झाकलेलं ताट.

“कोण मेलंय इथं?” एलियाम्मा पायरीवरूनच कडाडली.

“असं काय ग करतेस? चालरीत असते म्हणून आणलं...”

“चालरीत तुझ्या घरी. माझ्या चुलीवर माझा अप्पम शिजतोय, वास येत नाही? सर्दी झाली असेल तर काढा घे जा.”

थ्रेस्यानं जिन्सीकडे पाहिलं. जिन्सीनं मान खाली घातली. ताट आलं तसं परत गेलं.

मग दिवा लागला. दोघी चटईवर बसल्या. जिन्सीनं आजचा धडा वाचला. प्रभूनं कंबरेला पंचा बांधला, शिष्यांचे पाय धुतले, पुढ्यातली भाकर मोडली. खालचा प्रश्न मात्र तिनं वाचला नाही. पुस्तक मिटलं.

एलियाम्मानं सुरी घेतली. घरात जितकी माणसं, तितके तुकडे. जो परगावी असेल त्याचा केळीच्या पानात बांधून ठेवायचा. एक तिनं स्वतःचा कापला. एक जिन्सीचा. तिसऱ्यासाठी सुरी टेकवली आणि ती थांबली.

आता ही ओरडेल. थाळी ओढून घेईल. पुन्हा म्हणेल, येणार नाहीत ते. एलियाम्माच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं तिखट, सात पिढ्या आठवणीत राहील असं. ती वाट बघत राहिली.

जिन्सी जवळ सरकली. तिनं सासूच्या मनगटाखाली आपला हात धरला.

“कापा, अम्मच्ची,” ती म्हणाली. “त्यांचा जरा मोठा कापा. मी पानात बांधून ठेवते.”

आवाज मऊ होता. काही वर्षांमागं सासरा अंथरुणावर शेवटचे दिवस मोजत होता आणि उद्या बैल विकायला बाजारात जाऊ या म्हणत होता, तेव्हा जिन्सी त्याच्याशी याच आवाजात बोलायची. हो अप्पच्चन, जाऊ या.

एलियाम्मानं वळून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या तोंडावर राग शोधला, हट्ट शोधला. काही सापडलं नाही. मग तिनं सुरी खाली ठेवली.

“तू भांडत होतीस तोवर तो होता, जिन्सी.”

जिन्सीनं मनगटाखालचा हात काढून घेतला.

“ऊठ. थ्रेस्याला हाक मार,” एलियाम्मा म्हणाली. “सांग तिला, एलियाम्माच्या घरी यंदा अप्पम केलेला नाही.”