पडद्याआडचं ऊन

“पडदा,” ती म्हणाली आणि कानात ऐकू आलं, “घोडा.”

तिने पुन्हा सांगून पाहिलं. या वेळी आवाज आला “पाटी”, तोही जरा उशिराने, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. डोळ्यांवर चढवलेल्या जाड चष्म्यातून एक खोली दिसत होती. भिंती फिक्या, कडा विरघळल्यासारख्या. समोर मोठी खिडकी आणि तिच्यातून थेट डोळ्यांत येणारं ऊन. पिवळा स्वेटर घातलेली एक बाई तिच्यावर वाकून हसत होती. सांगायचं एवढंच होतं, की पडदा लावा. खुणेने सांगावं म्हटलं तर चष्म्यातल्या चित्रात तिचा हात मांडीवर पडलेला, काही केल्या हलेना.

“चहा हवाय का?” बाईने विचारलं. “थंडी वाजतेय? बाथरूमला जायचंय? मग उशी देऊ का, उशी?”

बाईच्या आवाजात इतकी माया होती, की तिला अगदी ओशाळल्यासारखं झालं. सगळे शब्द तोंडात होते, पण बाहेर पडला की प्रत्येक जण भलतंच सोंग घेत होता. बाईचा चेहरा आणखी जवळ आला. “उशीच ना?”

तिने मान डोलावली.

बाईला कोण आनंद झाला! तिने पाठीमागे उशी सरकवली, गालावरून हात फिरवला आणि तरंगत निघून गेली. ऊन डोळ्यांत तसंच राहिलं.

चष्मा काढला तेव्हा प्रयोगशाळेतली पोरं हसून लोळत होती. स्पीच थेरपीच्या त्या वर्गात तिला सगळे टकळी म्हणायचे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ही त्याचं वाक्य पुरं करून मोकळी. अशा टकळीची बोलती बंद झालेली कोणाला बघायची नव्हती? हा खेळ मॅडमनीच रचला होता. कॉम्प्युटरवाल्या भाच्याला हाताशी धरून त्यांनी खोली उभी केली होती आणि नाटकात काम करणाऱ्या मैत्रिणीकडून त्या बाईचा आवाज घेतला होता. वाचा गेलेल्या माणसाला शिकवायचं तर आधी थोडा वेळ त्याच्या जागी बसून या, असं त्यांचं म्हणणं.

“उशी हवी होती तुला?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“मग हो का म्हणालीस?”

ती हळूच म्हणाली, “ती एवढ्या प्रेमाने विचारत होती, मॅडम. आणि मी दमले होते. म्हटलं, संपू दे एकदाचं.”

हसणं थांबलं. चष्मा पुसून मॅडमनी पुढच्या मुलाच्या हातात दिला.

घरी येताना रस्ता नेहमीचाच होता, पण तिला वाटत होतं चष्मा अजून डोळ्यांवरच आहे. दुकानांच्या पाट्या मऊ पडल्या होत्या. माणसं बोलत होती ते पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. बस आली, थांबली, गेली. ती चालतच राहिली. डोळ्यांसमोर स्वेटरवाली बाई वाकायची आणि मध्येच त्या बाईचा चेहरा तिला आपलाच दिसायचा.

तिचे बाबा फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते. रस्ता विचारायला आलेल्या माणसालाही खुर्ची गळ्यात घालून पाठवतील, असं त्यांचं बोलणं. एका सकाळी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर शब्दही. त्यांच्यासाठीच तर तिने हा अभ्यास घेतला होता. बाबांनी नुसते ओठ हलवले, की ती ओळखायची आणि बाबा मान डोलवायचे. “लेकीला बरोब्बर कळतं यांचं,” आई शेजारपाजारी सांगायची आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

दार उघडून आई पुन्हा स्वयंपाकघरात वळली. बाबा खुर्चीत होते. लेकीला बघताच त्यांचा चेहरा उजळला. डावा हात आतल्या दिशेने उचलून ते म्हणाले, “पा... पा...”

हे रोजचंच. ती घरात पाऊल टाकायची आणि बाबांचं “पा... पा...” सुरू व्हायचं. “पाणी ना, बाबा? आणलंच!” म्हणत ती धावायची. बाबा पेल्याकडे क्षणभर बघायचे, मग निमूटपणे सगळं पाणी पिऊन पेला परत द्यायचे.

आजही पाय सवयीने आत वळले. ती थांबली. स्टूल ओढून बाबांच्या पुढ्यात बसली.

“पा...” बाबा म्हणाले.

“अगं, पाणी दे ना त्यांना!” आतून आई ओरडली.

“थांब आई. बोलू दे त्यांना.”

बाबांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली. तिच्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती, तिने ओठ घट्ट आवळले. बाबांनी डोळे उघडून पाहिलं, की ही गेली का. ती तिथेच होती.

“पा...णी,” ते म्हणाले.

ती हलली नाही. बाबांनी जोरात मान हलवली, नाही, नाही. मग त्यांचा डावा हात पुढे आला. तिच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी ओढून खाली सोडली. अंगठ्याने तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

“पाणी... तू घे,” बाबा म्हणाले. “दमलीस.”